लॅपटॉप वीज किती खातो? रिकामे बसण्याच्या किमतीचा इतिहास

आजच्या धाग्यात तलवारी नाहीत, तह नाहीत, गडकोटही नाहीत. आजचे साधन तुमच्या टेबलाखालीच पडलेले आहे. लॅपटॉपचा अडॅप्टर उचलून उलटा करा. पाठीवर बारीक अक्षरांत १९.५ व्होल्ट, ३.३३ अँपिअर असे काहीसे छापलेले दिसेल. दोहोंचा गुणाकार करा, ६५ वॅट.

‘लॅपटॉप वीज किती खातो’ या प्रश्नाला बहुतेक जण हाच आकडा उत्तर म्हणून देतात. इतिहासाच्या विद्यार्थ्याला मात्र येथे थोडे थांबावे लागते. जमाबंदीच्या कागदावर गावाचा आकार लिहिलेला असतो, म्हणून तेवढा वसूल झालाच असे आपण कधी मानत नाही. अडॅप्टरवरील आकडा हा असाच ‘आकार’ आहे. अडॅप्टर जास्तीत जास्त किती देऊ शकेल, एवढेच तो सांगतो. प्रत्यक्ष ‘वसूल’ पुष्कळच कमी असतो. लिहिणे, वाचणे, पाने चाळणे अशा कामांना आजचा साधारण लॅपटॉप दहा ते वीस वॅटमध्ये भागवतो. चित्रफितींचे संपादन किंवा जड खेळ सुरू झाला, की तो अडॅप्टरच्या आकड्याकडे सरकू लागतो. सरासरी ३० वॅट अशी सढळ धरली आणि दिवसाचे आठ तास मोजले, तर २४० वॅट-तास होतात. म्हणजे वीजबिलाच्या भाषेत पाव युनिटही नाही. डोक्यावर फिरणारा ७५ वॅटचा जुना पंखा तेवढ्याच वेळात याच्या अडीचपट वीज घेतो.

उत्तर येथेच संपले असते. पण हा आकडा इतका लहान झाला कसा? विजेची उधळपट्टी थांबवावी, बिल कमी यावे, कोळसा वाचावा, अशा सद्हेतूंचा या घडामोडीत वाटा होता, पण तो उशिरा आला आणि दुय्यम राहिला. खरे कारण बॅटरी. तिच्यात मावणारी वीज इतकी थोडी होती, की यंत्राला काटकसर शिकण्यावाचून गत्यंतर उरले नाही. आणि ही काटकसर मुख्यतः काम करताना लागणाऱ्या विजेची नव्हती. काहीही न करता नुसते बसून राहण्यात जी वीज जात असे, तिच्याशी खरा झगडा होता.

हे नीट समजण्यासाठी १९४६ सालच्या फिलाडेल्फियात जावे लागेल. पेनसिल्व्हेनिया विद्यापीठात त्या वर्षी फेब्रुवारीत ‘एनिअॅक’ या यंत्राचे जाहीर प्रदर्शन झाले. सुमारे १८,००० निर्वात नळ्या आणि सुमारे १५० किलोवॅट वीज. एनिअॅक सुरू झाले, की शहरातील दिवे मंदावत, ही कथा तुम्ही कोठेतरी वाचली असेल. ती निव्वळ दंतकथा आहे. यंत्राच्या दोन मुख्य शिल्पकारांपैकी प्रेस्पर एकर्ट यांनी पुढे एका मुलाखतीत तिला पत्रकारी कल्पनाविलास ठरवून निकालात काढले. (दंतकथा मरत नाहीत, हे वेगळे सांगायला नको.)

त्या दंतकथेपेक्षा १५० किलोवॅटची फोड अधिक बोलकी आहे. त्यांतले सुमारे ८० किलोवॅट केवळ नळ्यांच्या तारा तापवण्यात जात. आणखी २० किलोवॅट तयार झालेली उष्णता बाहेर फेकणाऱ्या पंख्यांसाठी. निर्वात नळीचा स्वभावच तसा होता. आतील तार लाल होईपर्यंत तापल्याशिवाय तिच्यातून इलेक्ट्रॉन सुटत नाहीत. म्हणून गणित चालू असो वा नसो, तार तापलेलीच ठेवावी लागे. पूजा नसतानाही समई तेवती ठेवावी, तसे. निम्म्याहून अधिक वीज गणनेसाठी नव्हतीच. ती हजर राहण्याची किंमत होती.

मुंबईनेही हा काळ पाहिला आहे. टाटा मूलभूत संशोधन संस्थेत रंगस्वामी नरसिंहन यांच्या नेतृत्वाखाली बनलेला ‘टिफ्रॅक’ १९६० मध्ये कार्यरत झाला. त्यात सुमारे २,७०० निर्वात नळ्या होत्या. भारतात आरेखित झालेले ते पहिले मोठे संगणकयंत्र. मात्र ते सुरू झाले तोवर अमेरिकेत ट्रान्झिस्टरवर चालणारे संगणक बाजारात आले होते.

ट्रान्झिस्टर १९४७ च्या डिसेंबरात बेल प्रयोगशाळेत जन्मला. त्याला तार तापवावी लागत नव्हती, त्यामुळे वीजखर्च एकदम खाली आला. तरी रिकामे बसण्याचा प्रश्न पुरता सुटला नाही. ट्रान्झिस्टरचे त्या काळचे बहुतेक मंडल काम नसतानाही थोडा-थोडा प्रवाह वाहू देत असे. एका मंडलाचे हे थेंबभर पाझरणे कोणाच्या लक्षातही आले नसते. हजारो मंडले एका चिपवर बसली, तेव्हा त्याची धार झाली.

यावरचा उपाय १९६३ मध्येच सापडला होता. फेअरचाइल्ड कंपनीतील फ्रँक वॅनलास या तरुण अभियंत्याने परस्परविरुद्ध स्वभावाचे दोन ट्रान्झिस्टर जोडीने बसवले. एक उघडा असेल तेव्हा दुसरा बंद. दुसरा उघडला, की पहिला बंद. दोन्ही दारे एकाच वेळी उघडी राहत नाहीत, त्यामुळे स्थिर अवस्थेत प्रवाह जवळपास वाहतच नाही. वीज लागते ती फक्त स्थिती बदलण्याच्या क्षणी. या रचनेला ‘सीमॉस’ म्हणतात. आज तुमच्या खिशातील फोनपासून मोठ्या विदाकेंद्रांपर्यंत सर्वत्र हीच रचना आहे. पण त्या काळी ती मंद होती, बनवायला किचकट होती, आणि भिंतीत वीज मुबलक होती. संगणकवाल्यांनी तिच्याकडे पाठ फिरवली. तिला आसरा दिला तो घड्याळे आणि कॅलक्युलेटर यांनी. कारण वर्षभर एका चिमुकल्या बॅटरीवर चालण्याचे संकट त्यांच्यासमोर होते.

आता जपानमधील सुवा येथे या. तेथील सुवा सेइकोशा या कारखान्याने १९६९ च्या नाताळात ‘अॅस्ट्रॉन’ हे क्वार्ट्‌झ मनगटी घड्याळ विक्रीस आणले. याच सेइको कुळातील एप्सन या कंपनीने १९८० च्या दशकाच्या आरंभी ‘एचएक्स-२०’ हा संगणक बाजारात आणला. वहीएवढा आकार, वजन सुमारे १.६ किलो, प्रत्येकी २० अक्षरांच्या चार ओळी दाखवणारा छोटा पडदा, आणि अंगातच एक इवलासा छपाईयंत्र. त्यातील प्रक्रियक सीमॉस जातीचे होते. पुन्हा चार्ज करता येणाऱ्या बॅटरीवर तो सुमारे ५० तास चाले, असा कंपनीचा दावा होता. पन्नास तास! आजच्या लॅपटॉपच्या जाहिरातींत असा आकडा सहसा दिसत नाही. मला तरी वाटते, की लॅपटॉपची वंशावळ लिहिताना महासंगणकांकडून खाली येण्यापेक्षा मनगटी घड्याळापासून वर जाणे अधिक प्रामाणिक ठरेल.

त्याच काळात दुसऱ्या टोकाला काय चालले होते पाहा. अमेरिकेत १९८१ मध्ये आलेला ‘ऑस्बर्न-१’ हा उचलून नेण्याजोगा संगणक म्हणून गाजला. वजन सुमारे ११ किलो; बॅटरी नाही. १९८२ मधील ‘ग्रिड कंपास’ हा घडीच्या आकाराचा पहिला देखणा लॅपटॉप, बिल मॉग्रिज यांनी आरेखिलेला, मॅग्नेशियमच्या कवचाचा. अवकाशयानातूनही तो जाऊन आला. किंमत आठ हजार डॉलरांच्या वर. आणि बॅटरी? त्यातही नाही. मांडीवर घेता येत होता, पण दोर भिंतीलाच बांधलेला. आतील चिप सीमॉसपूर्व जातीची होती, सतत पाझरणारी. अशा यंत्रासोबत तिला पुरेल एवढी बॅटरी द्यायची, तर ती उचलायला वेगळा माणूस लागला असता.

अॅपलने १९८९ मध्ये तसा प्रयत्न करून पाहिला. ‘मॅकिंटॉश पोर्टेबल’ मध्ये शिसे-आम्लाची, म्हणजे गाडीत असते त्या कुळातील बॅटरी होती. यंत्र सात किलोंहून जड झाले. आणखी एक गंमत म्हणजे मूळ आवृत्तीत ही बॅटरी पुरती मेली, की भिंतीला जोडूनही यंत्र सुरू होत नसे. व्यापारात ते सपशेल पडले.

येथून पुढे खेळ दोन वेगांचा आहे. चिपच्या बाजूला प्रगती घोडदौडीची होती. जॉनथन कूमी आणि सहकाऱ्यांनी २०११ मध्ये १९४६ पासूनच्या यंत्रांचा हिशेब मांडला, तेव्हा दिसले, की तेवढ्याच विजेत होणारी गणना साधारण दीड वर्षाला दुप्पट होत आली होती. बॅटरी मात्र बैलगाडीच्या चालीने निघाली. सोनीने १९९१ मध्ये लिथियम-आयन बॅटरी विक्रीस आणली. तेव्हापासून तीस वर्षांत एका किलोत मावणारी वीज सुमारे तिप्पट झाली. त्या बॅटरीमागच्या संशोधनाला २०१९ चे नोबेल मिळाले आणि ते योग्यच झाले, पण तिप्पट ती तिप्पटच. उरलेले अंतर यंत्राला झोपायला शिकवून कापावे लागले.

‘झोपणे’ हा शब्द येथे अलंकार नाही. इंटेलने १९९० मध्ये खास लॅपटॉपसाठी काढलेल्या ३८६-एसएल या प्रक्रियकात, कोणी कळ दाबत नसेल तेव्हा घटकांची घड्याळे थांबवण्याची सोय होती. १९९२ मध्ये इंटेल आणि मायक्रोसॉफ्ट यांनी त्यासाठी समान नियमावली केली. १९९६ मध्ये तोशिबाही सामील होऊन अधिक व्यापक मानक तयार झाले. झाकण मिटताच लॅपटॉप निद्रिस्त होतो, ते या मानकांच्या पोटी.

टेबलावरच्या संगणकाला मात्र असे काही शिकण्याची गरजच भासली नव्हती. कार्यालयांतून ते रात्रभर, शनिवार-रविवारभर जळत राहत. अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेने १९९२ मध्ये ‘एनर्जी स्टार’ हे ऐच्छिक चिन्ह सुरू केले. अट साधी होती: वापर नसेल तेव्हा यंत्राने आपोआप ३० वॅट किंवा त्याहून खाली यावे. कंपन्यांना ते लगेच जमले, कारण युक्ती लॅपटॉपसाठी आधीच सिद्ध झाली होती. १९९३ मध्ये राष्ट्राध्यक्ष क्लिंटन यांनी सरकारी खरेदीत असेच संगणक घेण्याचा आदेश काढला आणि ऐच्छिक चिन्हाला बाजाराचे बळ मिळाले. बॅटरीच्या टंचाईतून जन्मलेली सवय अशा रीतीने भिंतीच्या मुबलक विजेवर चालणाऱ्या यंत्रांना लागली.

तरीही ‘किती वीज’ या प्रश्नाचे उत्तर मोजून देण्याची सवय सर्वांना लागली नव्हती. १९९९ सालचे एक प्रकरण साधनचिकित्सेच्या तासाला शिकवावे, असे आहे. त्या वर्षी मे महिन्यात ‘फोर्ब्स’ नियतकालिकात पीटर ह्यूबर आणि मार्क मिल्स यांचा लेख आला. इंटरनेट अमेरिकेची ८ टक्के वीज खात आहे, ऑनलाइन एक पुस्तक मागवले तरी कोठेतरी कोळशाचे ढेकूळ जळते, आणि म्हणून देशाला आणखी कोळसा लागणार, असे त्याचे प्रतिपादन होते. त्याच्या मुळाशी असलेला मिल्स यांचा अहवाल ज्या संस्थेने प्रसिद्ध केला, ती कोळशाशी संबंधित वेस्टर्न फ्युएल्स असोसिएशनने उभी केलेली होती.

बर्कली येथील लॉरेन्स बर्कली राष्ट्रीय प्रयोगशाळेतील संशोधकांनी (कूमी त्यांतले एक) हा हिशेब उसवून पाहिला. मिल्स यांनी एका संगणकाला जोडसाहित्यासह सुमारे १,००० वॅट धरले होते. प्रत्यक्ष मोजमापांशी त्याचा मेळ नव्हता. आकार आणि वसूल यांतील गल्लत पुन्हा तीच! दुरुस्ती करता इंटरनेटचा वाटा सुमारे आठपट फुगवलेला निघाला. कार्यालयीन, दूरसंचार आणि जाळ्याची सारी उपकरणे मिळून देशाच्या विजेच्या ३ टक्क्यांच्या आसपास भरत होती. पण तोवर आकडा वर्तमानपत्रांतून, गुंतवणूकदारांच्या टिपणांतून पसरला होता. २०००-०१ मध्ये कॅलिफोर्नियात वीज खंडित होऊ लागली, तेव्हा संगणकांकडे बोट दाखवणाऱ्यांच्या हाती तो आयताच आला. त्या टंचाईत एन्रॉनसारख्या व्यापाऱ्यांनी बाजाराशी केलेले खेळ पुढे चौकशांत उघड झाले. दाभोळ आठवणाऱ्या मराठी वाचकाला एन्रॉनची वेगळी ओळख करून द्यायला नको.

चिपच्या दुनियेतही त्याच सुमारास एक अहंकार गळून पडत होता. इंटेलने पेंटियम-४ ची विक्री गिगाहर्ट्‌झच्या आकड्यावर चालवली होती. आकडा जेवढा मोठा, तेवढी चिप श्रेष्ठ. चिप लहान होत जाते तसा तिचा दाहही आटोक्यात राहतो, हे रॉबर्ट डेनार्ड यांनी १९७४ मध्ये दाखवलेले गणित तोवर साथ देत होते. पण ट्रान्झिस्टर इतके बारीक झाले, की बंद दारातूनही प्रवाह पुन्हा पाझरू लागला. रिकामे बसण्याची किंमत मागील दाराने परत आली. २००४ मधील पेंटियम-४ शंभर वॅटांपलीकडे गेला आणि त्याचा पुढचा वारस कंपनीने त्याच वर्षी रद्द केला.

वाट दाखवली ती इस्रायलमधील हैफा येथील लॅपटॉपच्या चमूने. त्यांचा ‘पेंटियम-एम’ मार्च २००३ मध्ये आला. गती पेंटियम-४ च्या जवळपास निम्मी, वीज पाव हिश्शाच्या आसपास, आणि काम मात्र तोडीस तोड. २००६ पासून इंटेलच्या टेबलावरील संगणकांच्या चिपही याच वंशातून निघू लागल्या. धाकट्या पातीने गादी घेतली, म्हणा ना.

काटकसरीचे दुसरे घराणे इंग्लंडमधील केंब्रिजचे. एकॉर्न कंपनीत सोफी विल्सन आणि स्टीव्ह फर्बर यांनी बनवलेली पहिली एआरएम चिप एप्रिल १९८५ मध्ये हाती आली. स्वस्त प्लास्टिकच्या वेष्टनात बसावी म्हणून ती एक वॅटच्या आत ठेवायची, एवढाच हेतू होता. फर्बर सांगतात, की प्रवाह मोजायला गेले तर मापक शून्य दाखवत होता आणि चिप तर चालू होती. नंतर उलगडले: वीजपुरवठा जोडलेलाच नव्हता, शेजारच्या मंडलांतून गळून येणाऱ्या विजेवर ती चालत होती. याच घराण्यातील चिप घेऊन अॅपलने २०२० मध्ये पंखाच नसलेला एम-१ मॅकबुक एअर आणला.

आता काही वर्षे मागे, २००५ च्या नोव्हेंबरात, ट्युनिस येथे. संयुक्त राष्ट्रांच्या शिखर परिषदेत निकोलस नेग्रोपाँटी यांनी गरीब देशांतील मुलांसाठी शंभर डॉलरांचा हिरवा लॅपटॉप दाखवला. त्याला फिरवून वीज निर्माण करण्याचा हातदांडा होता. महासचिव कोफी अन्नान यांनी तो फिरवला आणि दांडा त्यांच्या हातात आला! पुढे दांडा वगळला गेला. पण त्याने आरेखकांसमोर ठेवलेला प्रश्न मोलाचा होता: लहान मुलाच्या हाताला जेवढी वीज काढता येईल, तेवढीत संगणक चालवायचा, तर कसा? मेरी लू जेप्सन यांनी त्यासाठी उन्हातही वाचता येईल असा पडदा बनवला. मागचा दिवा विझवूनही तो दिसत असे. साध्या वापरात यंत्र दोन वॅटच्या आसपास भागवत होते. २००७ मध्ये भारतातील पहिला प्रयोग महाराष्ट्रातील खैरात या छोट्या गावाच्या शाळेत झाला. भारनियमनाची ती वर्षे ज्यांनी खेड्यात काढली आहेत, त्यांना दोन वॅट आणि शंभर वॅट यांतील फरक बिलाच्या भाषेत समजावण्याची गरज नाही. दिवे गेल्यावर धडा पुढे चालू राहतो की नाही, एवढाच तो फरक होता.

विमान कंपन्या आज साधारणतः १०० वॅट-तासांपर्यंतचीच बॅटरी विशेष परवानगीविना नेऊ देतात, त्यामुळे भारी लॅपटॉपही त्या रेषेच्या आतच थांबतात. म्हणजे बॅटरीचा धाक अजून सुटलेला नाही.

राहिला एक हिशेब, जो मीटरवर दिसत नाही. एरिक विल्यम्स यांनी २००४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासानुसार टेबलावरचा एक संगणक आणि त्याचा जुन्या पद्धतीचा पडदा बनवायला २४० किलो जीवाश्म इंधन, २२ किलो रसायने आणि १,५०० किलो पाणी लागत होते. घरगुती वापराच्या आयुष्यात त्याला लागणाऱ्या एकूण ऊर्जेपैकी सुमारे चार पंचमांश ऊर्जा पहिली कळ दाबण्यापूर्वीच खर्च झालेली असे. लॅपटॉपचा वापरातील खर्च त्याहून लहान, त्यामुळे निर्मितीचा वाटा ठळकच राहतो. कंपन्यांच्या स्वतःच्या अहवालांतही बहुतांश उत्सर्जन कारखान्याच्या टप्प्यातले असते. रोज आठ तास, ३० वॅटने, पाच वर्षे चाललेला लॅपटॉप सुमारे ४३८ युनिट वीज घेतो. एनिअॅकने ती तीन तासांच्या आत संपवली असती. तेव्हा केवळ ‘नवा वीज कमी खातो’ म्हणून चालता लॅपटॉप टाकणारा जे वाचवील, ते या ४३८ चा एक तुकडा असेल. कारखान्यातील खर्च मात्र नव्याने पुरता होईल. भारतात ऊर्जा दक्षता ब्युरोची तारांकित पाटी लॅपटॉपसाठी ऐच्छिक म्हणून आली. ती वापरातील विजेचे माप सांगते. कारखान्यातील ऊर्जेची नोंद तिच्यावर नसते.